सकाळची शाळा, दुपारची शाळा आणि आमची छबी

एका वर्षात आमच्या शाळेची वेळ नऊ वेळा बदलली आणि नवव्या वेळेला आमची मुलगी हरवली.

आधीच्या आठ वेळांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. त्या आठ वेळा फक्त माझा चहा, विमलचा स्वयंपाक आणि दोघांचं डोकं हरवलं होतं, आणि ते संध्याकाळपर्यंत जागेवर यायचं. नवव्या वेळेची गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ती गावात माझ्या माघारी इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी सांगितली आहे की खरी कोणती हे आता मलाच एकट्याला ठाऊक आहे.

राज्य बदललं त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. गावात त्याने काही बदललं नाही. कपाशीची पऱ्हाटी तशीच फुटली, कारंज्याहून येणारी मोटार तशीच उशिरा येत राहिली. बदलली ती फक्त शाळेची वेळ. जुन्या कचेरीचे हुकूम अजून येत होते आणि नव्या कचेरीचे यायला लागले होते. एक म्हणे शाळा सकाळी भरवा, दुसरी म्हणे दुपारी. मग तिसरा कागद यायचा, की पुढील हुकूम येईपर्यंत मागील हुकूम चालू ठेवावा. मागील म्हणजे कोणता, हे विचारायला आम्ही चौथा कागद पाठवायचो, आणि त्याचं उत्तर यायच्या आत थंडी वाढली म्हणून, किंवा कापूसवेचणी सुरू झाली म्हणून, वेळ पुन्हा बदललेली असायची.

गाव कामरगावपासून दोन कोसांवर. मुलांची शाळा नाल्याच्या अंगाला, दोन खोल्यांची, आणि तिथे आम्ही दोघे शिक्षक. पहिला मी नव्हे. पहिले म्हणजे हेडमास्तर. त्यांना सगळं गाव बडे गुरुजी म्हणायचं. साठीकडे झुकलेले, कानाला मफलर गुंडाळलेले, अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांना आयुष्यात दोनच गोष्टींची भीती होती, एक विंचवाची आणि दुसरी सरकारी कागदाची. कचेरीचा लखोटा ते आंघोळ केल्याशिवाय उघडत नसत.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, देवळाशेजारच्या खोलीत मुलींची शाळा होती. तिथे एकच शिक्षिका होती, ती म्हणजे माझी बायको विमल. गाव तिला नुसतं बाई म्हणायचं. तिची कचेरी वेगळी, तिचे हुकूम वेगळे. म्हणजे माझी वेळ वर्षात नऊदा बदलली ती बदललीच, तिची सहादा बदलली ती निराळी. आणि या पंधरा बदलांच्या मधोमध आमची छबी होती, अडीच वर्षांची. ती नीट बोलत होती, नीट चालत होती आणि कोणाचंही ऐकत नव्हती.

विमलच्या नोकरीला माझ्या घरून विरोध होता. आईचं प्रत्येक पत्र एकाच वाक्यानं संपायचं, की लेकरू सांभाळायचं सोडून लोकांच्या लेकी कायले शिकवता. तिच्या माहेरी, अनसिंगलासुद्धा, तिच्या भावाला हे फारसं रुचलं नव्हतं. विमल मात्र हट्टानं परीक्षा पास झालेली, हट्टानं नोकरीला लागलेली. तिनं मला एवढंच म्हटलं होतं, "छबीले कदी काई झालं तर मी आपल्या पायानं घरी बसन. कोनी सांगाची गरज नाई." त्यामुळे छबीला काही होऊ न देणं ही आमची एकच परीक्षा होती आणि ती रोज असायची.

त्यासाठी आम्ही एक व्यवस्था बसवली होती. माझी शाळा सकाळी साडेसात ते अकरा, तिची साडेअकरा ते पाच. अकरा वाजता मी शाळेतून निघायचो, ती घरून छबीला घेऊन निघायची, आणि मारुतीच्या पारापाशी छबी तिच्या कडेवरून माझ्या कडेवर यायची. पारावर दिवसभर महादूबुवा बसलेले असत. त्यांना दिसत जवळजवळ नव्हतं, पण आमची अदलाबदल त्यांनी कानानं ओळखायची ठेवली होती. छबीच्या पायातले वाळे वाजले की ते शेजाऱ्याला सांगत, सव्वाअकरा झाले. गावात या एका बाबतीत आम्हाला मान होता.

शेजारी गिरजामाय होती. एरवी छबी अर्धा दिवस तिच्याच ओसरीवर असायची. पण वेचणी सुरू झाली की गिरजामाय दिवस उगवायला पाटलांच्या वावरात जायची, आणि तिच्याबरोबर अर्धं गाव. त्या दोन महिन्यांत दिवसा गावात म्हातारे, कुत्री आणि शिक्षक एवढेच उरत.

तर त्या मंगळवारी संध्याकाळी बडे गुरुजींनी मला सांगितलं की उद्यापासून आपली शाळा दुपारची, अकरा ते पाच. घरी आलो तर विमल चुलीपुढे बसली होती, तिच्या हातात तिचा कागद. मुलींना दुपारी वेचणीला जावं लागतं म्हणून तिची शाळा उद्यापासून सकाळची, साडेसात ते साडेअकरा. दोन्ही कचेऱ्यांनी एकमेकींना न विचारता आमचा संसार उलटा करून ठेवला होता. तरी आम्ही हसलो, कारण उलटा झाला असला तरी मोडला नव्हता. सकाळी छबीला मी ठेवायचं, अकराला तिला माझ्या शाळेत न्यायचं, आणि साडेअकराला तिची शाळा सुटली की विमलनं तिथे येऊन तिला घेऊन जायचं. अर्ध्या तासाचाच प्रश्न होता. आम्ही गजराच्या घड्याळाला चावी दिली आणि शांत झोपलो. (त्या घरातली ती शेवटची शांत झोप, असं विमल पुढे बरीच वर्षं म्हणायची.)

बुधवारी सकाळी विमल सात वाजता गेली. मी छबीला दूधभाकर कुस्करून दिली आणि स्वतः दुसऱ्या चहाचं आधण ठेवलं. सकाळी शाळा नाही, या कल्पनेचा मी फार दिवसांनी आस्वाद घेत होतो. तेवढ्यात नाल्याकडून शाळेची घंटा ऐकू आली. घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा. तो वाजला की अर्ध्या कोसावर कळायचं. मला वाटलं कोणी पोट्ट्यानं खोडी काढली. मी चहात साखर टाकली.

तर अंगणात बडे गुरुजी. मफलर, हातात कागद, धाप लागलेली. आदल्या संध्याकाळच्या मोटारीनं लखोटा आला होता, ड्रायव्हरनं तो त्यांच्या हातात दिला होता, आणि आंघोळ झालेली नसल्यामुळे त्यांनी तो सकाळपर्यंत देवापुढे ठेवला होता. आत्ता उघडला. कालचा हुकूम रद्द. शाळा सकाळचीच.

"मास्तर, पोरं मी घंटा देऊन गोळा केली," ते म्हणाले. "चौथीचा वर्ग बिना शिक्षकाचा बसून हाय. आनं साहेब दौऱ्यावर कारंज्याले आलेले हायेत. आज इकडे नाई येतीन, असं मी सांगू शकत नाई."

साहेब हा शब्द ऐकल्यावर मी चहा तसाच ठेवला. बडे गुरुजी परतले. मी टोपी घातली, छबीला उचललं आणि धावत देवळाकडे निघालो. छबीला विमलच्या शाळेत सोडायचं आणि नाल्यातून जवळच्या वाटेनं माझ्या शाळेत पोचायचं, एवढंच डोक्यात होतं.

मुलींची शाळा भरली होती. प्रार्थना चालू होती. वीस-बावीस मुली हात जोडून, डोळे मिटून उभ्या, आणि त्यांच्यासमोर विमल, तीही हात जोडून, डोळे मिटून. आता प्रार्थनेत मध्येच हाक मारायची म्हणजे ते बरं दिसत नाही. मी दारात उभा राहिलो. खाकरलो. मला स्पष्ट दिसलं की विमलनं एक डोळा किंचित उघडला आणि मिटला. मी छबीकडे बोट दाखवलं. विमलनं मान हलवली. (ती प्रार्थनेच्या चालीवर हलवली होती, हे मला नंतर कळवण्यात आलं.) मी छबीला उंबरठ्याच्या आत उभं केलं, "आईजवळ जाय" म्हणून सांगितलं, आणि पळालो.

मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

अकरा वाजता शाळा सुटली. साहेब आले नव्हते. बडे गुरुजी, हा रोजचा गोंधळ एकदा साहेबांच्या कानावर घालतो आणि पक्की वेळ लिहून आणतो, असं म्हणून साडेअकराची मोटार गाठायला धावले. घाईत त्यांनी दोन्ही खोल्यांना कुलूप घातलं आणि किल्ली कोटात टाकून नेली. मी सावकाश घरी आलो. सकाळचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. तो गरम केला आणि विमल आणि छबी यायची वाट पाहत बसलो.

बारा वाजायला आले तेव्हा विमल आली. एकटी. चेहरा उन्हानं लाल, आणि चिडलेली. तिनं पायरीवरूनच विचारलं की मी शाळेला कुलूप लावून घरी काय करून राहिलो, ती ठरल्याप्रमाणे छबीला न्यायला माझ्या शाळेवर गेली होती आणि तिथे कुत्रंसुद्धा नव्हतं.

मी म्हटलं, "छबी कुठं हाय?"

ती म्हणाली, "मी तेच इचारून राह्यली."

चूल धुमसत होती. मग मी तिला सांगायला लागलो. घंटा, बडे गुरुजी, लखोटा, साहेब, धावाधाव, प्रार्थना. ती ऐकत होती. प्रार्थनेपर्यंत आलो तेव्हा तिनं थांबवलं.

"तुमी तिले कोनाच्या हातात देलं?"

"हातात नाई. दाराच्या आत ठेवली. तू पाह्यलं ना."

"ठेवली?" विमल म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "ते काय दप्तर हाय?"

मी त्या डोळ्याचं आणि मानेचं सांगितलं. ती म्हणाली, प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात, हे मीच मुलींना शिकवून राहिली. आणि ती चप्पल न घालता बाहेर पडली.

हिशेब साधा होता आणि तो दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी झाला. साडेसातला मी तिला सोडलं होतं. आता बारा. साडेचार तास अडीच वर्षांची पोर गावात कुठे तरी होती आणि ती कोणाजवळ आहे हे तिच्या दोन्ही शिकलेल्या आईबापांना ठाऊक नव्हतं.

देवळात पाहिलं. देवळामागे पाहिलं. मुलींच्या शाळेच्या खोलीत, बाकांखाली, तट्ट्यामागे. घराघरांतून हाका मारल्या. बहुतेक घरांना बाहेरून कड्या होत्या. जी उघडी होती तिथे कोणी तरी म्हातारी उन्हात बसलेली, आणि तिला प्रश्न समजावून सांगेपर्यंत जीव जायची वेळ येई. एका आजीनं सांगितलं, हो, पाह्यली ना पोरगी, लाल झबल्यात होती. विमलचा चेहरा उजळला. मग आजी म्हणाली, काल.

गल्लीच्या शेवटी गावची विहीर. तिचा कठडा तेव्हा एका बाजूनं ढासळलेला होता. मी पुढे झालो. विमल दहा पावलं मागेच थांबली, तिला पुढे येववेना. मी काठावर पोटावर पडून आत पाहिलं. पाणी खूप खाली होतं आणि अगदी स्थिर. त्यात माझंच तोंड दिसत होतं, टोपीसकट. मी किती वेळ तसा पाहत होतो कोण जाणे. त्या वेळी मनात काय काय आलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही आणि या गमतीच्या गोष्टीतही सांगणार नाही. कपारीतून एक पारवा फडफडत वर आला तेव्हा माझे हात घसरले आणि टोपी आत पडली. वर्तुळं उठली. मागून विमल ओरडली, कारण तिला फक्त पाण्याचा आवाज आला होता.

"टोपी हाय," मी म्हणालो. "टोपी हाय माझी."

ती मटकन खाली बसली. मी तिला उठवलं. ती म्हणाली, "सापडली ना, तर मी उद्याच राजीनामा देतो. तुमच्या आईले लिहा." मी म्हणालो, चूक माझी, राजीनामा तू काहून देशील? उत्तर दोघांनाही माहीत होतं. चूक कोणाचीही असली तरी नोकरी कोणाची सुटायची हे ठरलेलं होतं.

पाराजवळ आलो. महादूबुवा बसलेले होते. त्यांनी आमच्या पावलांची घाई ओळखली आणि आपणहून म्हणाले, आज तुमची अदलाबदल झाली नाई, माझं सारं टाइम चुकलं. मी त्यांना विचारलं, सकाळी छबीचे वाळे ऐकले का. ते म्हणाले, ऐकले तर. तुम्ही नाल्याकडे पळाले, आणि तुमच्या मागं मागं वाळे वाजत गेले. "मले वाटलं, आज बाप-लेक संगच शाळेत चालले."

म्हणजे ती माझ्याच मागे आली होती. नाल्यातून, एकटी, मी पळत असताना. आणि मी शाळेत पोचून चौथीला अपूर्णांक शिकवत असताना ती त्याच शाळेच्या आसपास कुठे तरी होती. बडे गुरुजींच्या पुढच्या खोलीत शिरून एखाद्या कोपऱ्यात झोपली असेल, आणि त्यांनी घाईत पाहिलंच नसेल, हे विमलला आणि मला एकदमच सुचलं.

शाळेपर्यंत आम्ही कसे पोचलो ते आठवत नाही. पुढच्या खोलीचं दार बंद, कुलूप. खिडक्यांच्या झडपा आतून लावलेल्या. विमलनं दाराला कान लावला आणि हाक मारली, "छबे." आत काही तरी पडलं. लाकडी, हलकं. मग पुन्हा शांत.

किल्ली बडे गुरुजींच्या कोटात आणि कोट कारंज्याच्या वाटेवर. मी म्हणालो, कुलूप सरकारी आहे, तोडलं तर खुलासा मागतील. हे वाक्य मी खरोखर बोललो. विमलनं माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि दाराशेजारी टांगलेल्या रुळावर मारायचा लोखंडी टोला हातात घेतला.

त्या टोल्याची एक अडचण होती. पोरं तो पळवून नेतात म्हणून बडे गुरुजींनी त्याला साखळी लावून ती रुळालाच बांधली होती. साखळी कुलपापर्यंत पुरत होती, पण कशीबशी. विमलनं घाव घातला की कुलपावर बसायचा, आणि हात मागे गेला की टोला रुळावर आदळायचा. एक घाव, एक घंटा. एक घाव, एक घंटा. मी म्हटलं, थांब, मी मारतो. तिनं ऐकलं नाही. बारा-चौदा घावांनी कुलूप तुटलं, आणि तोवर घंटा अशी वाजली होती की शाळा स्थापन झाल्यापासून वाजली नसेल.

दार उघडलं. आतून मांजर निघालं. त्यानं खडूची पेटी पाडली होती. बाकी खोली रिकामी.

विमल दारातच उभी राहिली. तिच्या हातातला टोला सुटला आणि साखळीनं झुलत रुळावर आणखी एकदा वाजला. मला तिच्याकडे पाहवेना म्हणून मी नाल्याकडे पाहिलं, आणि मला पोरं दिसली.

चारी बाजूंच्या वावरांतून पोरं पळत येत होती. कंबरेला बांधलेल्या ओच्यात कापूस, केसांत कापूस, आणि तोंडं रडवेली. वर्षभरात नऊ वेळा फसलेली ती पोरं. घंटा झाली म्हणजे शाळेची वेळ बदलली, एवढं त्यांना पक्कं कळत होतं. पाच मिनिटांत सगळे वर्ग आपापल्या रांगेत उभे राहिले. एकानं विचारलं, गुर्जी, पाटी नाई आनली, चालन का? त्यांच्या मागोमाग त्यांच्या आया आल्या, बाप आले, आणि सगळ्यांच्या पुढे स्वतः पाटील. ऐन वेचणीत मजूर वावरातून उठून आले म्हणून ते संतापलेले होते.

"मास्तर, सकाळी शाळा, दुपारी शाळा," ते म्हणाले. "कापूस काय तुमची कचेरी येचून राह्यली?"

विमलच बोलली. पोरगी हरवली, एवढंच ती म्हणाली, आणि इतक्या सगळ्या माणसांसमोर पहिल्यांदा रडली.

पाटलांचा राग जागच्या जागी जिरला. ते नाल्याकडे माणसं पाठवायला वळले, एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून गिरजामाय पुढे आली. तिच्या डोक्यावर कापसाचं गाठोडं, कडेवर छबी. छबीच्या दोन्ही मुठींत कापूस, तोंडाला भाकरीचा चुरा. विमलनं तिला ओढून घेतलं. इतक्या जोरानं घेतलं की आतापर्यंत मजेत असलेली छबी मोठ्यानं रडायला लागली. मी हात पुढे केला तर विमलनं माझ्याकडे पाठ केली. ती बरोबरच होती.

गिरजामाय गोंधळली होती. तिला कळेना की हरवली कशी. सकाळी विसरलेली भाकर घरून घेऊन पुन्हा वावरात जाताना तिला छबी शाळेच्या पायरीवर एकटी बसलेली दिसली. मी आतल्या खोलीत शिकवत होतो. तिनं बडे गुरुजींना सांगितलं, की मास्तरला सांगा, पोरगी मी नेतो, थंडीत बसून राह्यली. बडे गुरुजी म्हणाले होते, सांगतो.

"मले तं वाटलं तुमाले ठाऊक हाय," ती म्हणाली. "आनं बाई, येचनी हाये तोवर रोज देत जाय तिले माह्याजवळ. मी कोनता टाइम पाहून वावरात जातो? दिवस निंगाला का जातो, बुडाला का येतो."

विमल रडता रडता हसली. राजीनाम्याचं पुन्हा निघालं नाही, आईला पत्रही गेलं नाही.

इथपर्यंत माझी बाजू वाईट होती. पण बडे गुरुजी हे नाव निघालं आणि मला एकदम बळ आलं. म्हणजे चूक माझी नव्हतीच! एका माणसाला एवढा साधा निरोप सांगता आला नाही आणि माझी बायको विहिरीच्या काठावर मरायची बाकी राहिली होती. मी शाळेच्या पायरीवर चढलो आणि जमलेल्या गावासमोर बोललो. कचेरीवर बोललो, हुकुमांवर बोललो, नऊ बदलांवर बोललो, आणि मग बडे गुरुजींवर आलो. ज्याला आंघोळ केल्याशिवाय लखोटा उघडवत नाही आणि शेजारच्या खोलीत चार पावलं चालून निरोप देववत नाही, त्याच्या हातात शाळा कशी द्यायची, असं मी विचारलं. लोकांना ते पटलं. पाटील म्हणाले, येऊ द्या मोटार, सोक्षमोक्ष करू. विमलनं माझा सदरा मागून ओढून मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही.

पाचच्या मोटारीला गावातली पंधरा-वीस माणसं पारापाशी उभी होती. मी सगळ्यांच्या पुढे, बिनटोपीचा. बडे गुरुजी उतरले. त्यांचा चेहरा प्रसन्न होता. साहेब भेटले होते, पक्की वेळ लिहून मिळाली होती. सोमवारपासून शाळा दोन वेळची. मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. दिवसभराचं सगळं त्यांना ऐकवलं, विहिरीसकट. शेवटी विचारलं, की गिरजामायनं दिलेला निरोप तुम्ही मला काहून सांगितला नाही.

ते ऐकताना त्यांचे डोळे भरून आले होते. छबी सुखरूप आहे ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "पन मास्तर, मी सांगलं होतं."

मी म्हणालो, तुम्ही मला याबद्दल एक शब्द बोलला नाहीत.

"बोललो नाई," ते म्हणाले. "तोंडी सांगितलेलं मागून कोनी मानत नाई. म्हनून लेखी कळवलं." आणि त्यांनी पिशवीतून शाळेची हुकूमवही काढली. साहेबांना दाखवायला ते ती सोबत घेऊन गेले होते.

हुकूमवहीबद्दल सांगायला हवं. शाळेत आलेला प्रत्येक हुकूम बडे गुरुजी त्या वहीत उतरवायचे, आणि वर्गात पोरासोबत ती माझ्याकडे पाठवायचे. मी तो वाचून खाली सही करायची, असा नियम. साधारण पाचव्या बदलापासून मी न वाचता सही करायला लागलो होतो. तो माझा निषेध होता. निषेध चालू आहे हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं, पण मला त्याचं समाधान होतं.

पाटलांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, वाचा मोठ्यानं. बुधवारच्या पानावर तीन हुकूम होते. पहिला वेळेचा. दुसरा पोरांनी स्वच्छ येण्याबद्दल. तिसरा बडे गुरुजींच्या टपोऱ्या अक्षरात असा:

"सहायक शिक्षक यांस कळविण्यात येते की, त्यांची कन्या छबी ही शाळेच्या पायरीवर एकटी आढळल्याने तिला त्यांच्या शेजारीण गिरजाबाई यांनी आपल्यासोबत पाटलांच्या वावरात नेले आहे. तरी काळजी नसावी."

खाली, आठ वाजून दहा मिनिटं अशी वेळ घालून, लिहिलेलं होतं, "वाचले. समजले." आणि त्याखाली सही.

विमल छबीला घेऊन गर्दीच्या कडेला उभी होती, तिनं पुढे येऊन पान पाहिलं आणि वही मिटून बडे गुरुजींच्या हातात परत दिली. मी म्हणणार होतो की ही सही दुसऱ्या कोणाची तरी असावी. पण माझं वळणदार अक्षर पाहून चौथीची पोरं कित्ता गिरवायची, आणि त्यातली निम्मी त्या वेळी आपल्या बापांची बोटं धरून माझ्यासमोर उभी होती.